बोदाचा टाका

माझं नाव मालन. गाव निपाणीच्या पलीकडं. कोगनोळी नाक्याकडं जाताना वेदगंगेचा पूल लागतो बघा, तिथनं आत वळायचं, उसातनं रस्ता जातो, आणि जिथं रस्ता संपतो आणि नदी दिसती तिथं आमची वस्ती. गाव वरच्या अंगाला, आम्ही खालच्या अंगाला, ते पहिल्यापासनं तसंच, आमच्या पणज्याला कुणी विचारलं न्हवतं बाबा तू कुठं राहतोस म्हणून. आता वस्तीत पक्की घरं हायत, विहार हाय, एक पोरगी धारवाडला वकिली शिकतीया, पण पाणी चढलं की पहिलं आमच्याच दारात येतं, त्यात काय फरक पडलेला न्हाय. तुम्ही लिहून घ्यायला आलेल्या, बेळगावात अनगोळच्या, तुम्हाला नदीचं काय माहीत असणार. असू दे, सांगते.

आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती, तिची आई पण तिथंच, आणि मी सातवीत नापास झाले तशी मी पण तिथंच. तंबाखू चाळायचा, काड्या वेचायच्या आणि शिंकायचं. पहिला महिना नुसती शिंकत होते, मग नाक मेलं, ते आजपर्यंत मेलेलंच हाय, फोडणी करपली तरी मला कळत न्हाय, सून ओरडत येती तवा कळतं.

आमच्याकडं तंबाखूच्या मोठ्या गोणीला बोद म्हणत्यात. उभा केला तर माझ्या छातीला लागंल एवढा. तो भरायचा बाप्यांनी आणि त्याचं तोंड शिवायचं बायकांनी, दाभण आणि सुतळीनं. माझा हात लवकर बसला. आईनं शिकवलं, आणि काय शिकवलं ते नीट ऐका, कारण पुढं सगळं त्याच्यावरच हाय. बोदाचा टाका साखळीचा. एक फेरा घातला की पुढचा फेरा त्याच्या पोटातनं काढायचा, असं करत एका कानापासनं दुसऱ्या कानापर्यंत जायचं, आणि शेवटी सुरगाठ मारायची, हातभर शेपूट बाहेर लोंबतं ठेवायचं. शेपूट कशाला, तर व्यापारी येतो. तो आला की म्हणतो हा उघड, तो उघड. शेपूट धरून एक हिसका दिला की गाठ सुटती आणि सरसरसर सगळी साखळी उसवत जाती, डोळ्याची पापणी लवायच्या आत बोदाचं तोंड उघडं. मग व्यापारी कोपरापर्यंत हात घालणार, मूठभर काढणार, वास घेणार, तोंड वाकडं करणार. मग परत शिवायचं. दिवसातनं एकाच बोदाचं तोंड चार वेळा उघडलंय मी. आई म्हणायची, भरलेला असताना फुटता कामा नये आणि मागितला की अडता कामा नये, असा टाका पाहिजे. निरगाठ मारली कुणी तर मालक दाभण फेकून मारायचा.

पंचवीस वर्षं हेच केलं. लग्न झालं, दोन पोरं झाली. नवरा वाळूच्या ट्रकवर. आमच्या ह्याच नदीतली वाळू, पुलाखालनं भरायची आणि बेळगाव म्हणा, कोल्हापूर म्हणा, जिथं बिल्डिंग चालू असंल तिथं ओतायची. सगळे तेच करत होते. तो गेला त्याला आता लई वर्षं झाली. मग वखारी एकेक बंद पडायला लागल्या, आमची पण पडली, दाराला कुलूप आणि कुलपावर कागद, आणि आम्ही बारा बायका बाहेर कट्ट्यावर बसलो, डबे खाल्ले आणि घरला आलो.

मग बाळू आण्णा आला. बाळू आण्णा म्हणजे काकतीचा मुकादम, आधी वखारीत हमाल पुरवायचा, आता कुठल्या कुठल्या कंत्राटदारांना माणसं पुरवतो. म्हणाला, मालनाक्का, समुद्रावर काम हाय, कारवारच्या खाली. मी म्हटलं, आम्ही काय मासे धरणार काय. तो म्हणाला, न्हाय गं, शिवायचंच काम हाय. पिशव्यांत वाळू भरायची, तोंड शिवायचं आणि किनाऱ्याला रचायच्या, समुद्र जमीन खायला लागलाय. हौसाक्का आमच्यातली थोरली, तोंडाची लई फटकळ, ती म्हणाली, आण्णा, इकडं आम्ही नदीतली वाळू काढून इकली आणि आता समुद्रात वाळू घालायला जायचं व्हय, मधल्या मधी वाळूलाच एसटीत बसवून दिली असती की. सगळ्या हसल्या. पण गेलो, बाराच्या बारा.

समुद्र मी तवा पहिल्यांदा बघितला. काय वाटलं म्हणून विचारू नका, काय पण वाटलं न्हाय. लई पाणी हाय एवढं वाटलं, आणि आवाज थांबतच न्हाय. पहिल्या दिवशी वाटलं वखारीतली चाळण चालू हाय.

ज्या गावात काम होतं ते लहान, मासेमारीचं. किनाऱ्याला लागून पहिलं घर देवकीबायचं. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असंल, नवरा न्हाय, मुलगा होडीवर जातो, सून पोटुशी. मातीचं घर, वर कौलं, आणि घर आणि पाण्याच्या मधी माडांच्या दोन ओळी. ती म्हणाली चार होत्या. तिकडं पाण्यात बोट करून दाखवलं, म्हणाली, तिथं आमचं अंगण होतं, तिथं मासळी सुकवायची जागा होती, तिथं माझं लग्न झालं. मी बघितलं, पाणीच होतं. तिची बोली कोकणी, माझी ही अशी, पण दोन दिवसांत सगळं समजायला लागलं. तिच्या विहिरीवर आम्ही पाणी भरायचो, खारं व्हायला लागलं होतं ते पण.

मी तिला विचारलं, एकदम कसं खायला लागला. ती म्हणाली, एकदम न्हाय. पूर्वी पावसाळ्यात वाळू न्यायचा आणि थंडीत परत आणून टाकायचा, जसा उसना नेल्यासारखा. आता नेतो, आणत न्हाय. वादळं पण नको त्या महिन्यात येत्यात. आणि वरच्या गावानं दगडाची भिंत घातली तशी लाटा तिथनं घसरून आमच्यावर येत्यात. आमचा इंजिनिअर साहेब धारवाडकडचा, वयानं माझ्या पोराएवढा, त्यानं कन्नडात समजावून सांगितलं. म्हणाला, समुद्र वर चढतोय हे एक, आणि दुसरं म्हणजे नद्या वाळू आणायच्या त्या आता आणत न्हाईत, वर धरणं हायत आणि वाळू लोक उपसून नेत्यात. मी मान खाली घालून दाभण ओवत होते. आमची नदी तिकडं जात न्हाय, पूर्वेच्या समुद्राला जाती, हे मला नंतर नातीनं नकाशात दाखवलं. पण तवा मला ते माहीत न्हवतं.

दगड कशाला न्हाय आणि पिशव्या कशाला, तर दगड टाकला की शेजारच्या गावाची जमीन जाती. म्हणून ह्या गावात दुसरा विचार होता. पुढं पिशव्यांचा बांध, आणि मागं झाडं. मर्यादवेल, केवडा आणि सुरूची रोपं. देवकीबाय आणि गावातल्या बायकांनीच लावली होती, रोज गोडं पाणी आणून घालायच्या. मर्यादवेल म्हणजे वाळूवर पसरणारा वेल, त्याची मुळं वाळूला धरून ठेवत्यात. साहेब म्हणायचा, पिशव्या काय कायमच्या न्हाईत, उन्हानं चार-पाच वर्षांत कापड जाणारच, पण दोन पावसाळे पिशव्यांनी धरलं की पुढं मुळं धरतील. दोन पावसाळे, एवढंच मागणं होतं. देवकीबाय रोज संध्याकाळी काम संपलं की यायची आणि विचारायची, राहील काय गे. मी म्हणायची, राहील. मी शिवलंय न्हवं.

पिशव्या म्हणजे गादीएवढ्या, जाड घोंगड्यासारखं कापड. शिवायला हातातली मशीन दिलेली होती, जनरेटरवर चालणारी. खाऱ्या वाऱ्यानं ती पंधरा दिवसांत अडकायला लागली, तेल घातलं, रॉकेल घातलं, मग बंदच पडली. दुसरी यायला वेळ लागणार आणि पावसाळा तोंडावर. तवा बाळू आण्णा छाती काढून साहेबापुढं गेला, म्हणाला, सर, निपाणीच्या बायका हायत, ह्यांच्या हातापुढं मशीन काय करती. साहेबानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, शिवतो की. अभिमान वाटला मला. वखार बंद झाल्यापासनं पहिल्यांदा कुणी माझ्या हाताचं नाव घेतलं होतं.

शिवायला लागलो. बारा बायका, दाभण आणि नायलॉनची दोरी. टाका कुठला, तर बोदाचा. दुसरा येतोच कुणाला. साखळी घालत जायचं, शेवटी सुरगाठ, हातभर शेपूट. पिशव्या रचल्या की शेपटं ओळीनं लोंबायची. हौसाक्का म्हणाली, म्हशी पाण्याकडं तोंड करून उभ्या राहिल्यागत दिसत्यात. आणि मग म्हणाली, मालन, ही शेपटं कशाला गं ठेवायची, समुद्राचा व्यापारी येणार हाय काय माल बघायला. सगळ्या हसल्या, मी पण हसले. आणि मी म्हटलं, हात बसलाय तसं कर, मधीच बदललंस तर चाल मोडंल, रोजचा आकडा व्हायचा न्हाय. हे मी म्हटलं. दुसऱ्या कुणी न्हाय.

आणखी एक सांगते, हे मी लई दिवस कुणाला सांगितलं न्हवतं. पहिल्याच दिवशी गाठ आवळताना दोरी बोटातनं घसरली. सुतळी खरखरीत असती, ती सुतळीला धरती. नायलॉन गुळगुळीत, माशासारखं. बोटांना कळलं होतं. हे वेगळं हाय, हे धरत न्हाय, असं बोटांनी सांगितलं. मी गाठ जरा जास्त आवळली आणि पुढच्या पिशवीला लागले.

साहेबानं तपासलं न्हाय असं न्हाय. त्यानं भरलेली पिशवी जेसीबीनं उचलून वरनं खाली सोडली. फुटली न्हाय. तोंडाला धरून दोघांनी ओढली. उसवली न्हाय. म्हणाला, छलो ऐती अक्का, भाळ छलो, म्हणजे लई चांगलं झालंय. शेपूट तेवढं कुणी ओढून बघितलं न्हाय. त्याला काय माहीत, आणि ज्यांना माहीत होतं त्या आम्ही शिवत होतो.

बांध पुरा झाला. पाऊस लागला होता, आम्ही सामान बांधत होतो, दोन दिवसांत परत यायचं होतं. त्या सकाळी उधाण आलं. मोठं उधाण असं न्हाय, देवकीबाय म्हणाली असली दर साली येत्यात. मी चहाचा ग्लास घेऊन बांधावर उभी होते, आपलं काम कसं उभं राहतंय ते बघायला. लाट आली, पिशव्यांवर फुटली, मागं गेली. पिशव्या हलल्या न्हाईत. हौसाक्का म्हणाली, बघ की, दगडासारख्या हायत. दुसरी आली, मागं गेली. आणि मागं जाताना पाण्यानं शेपटं धरली, सगळी एकदम, सरळ समुद्राकडं ताणली. मग सोडली. परत लाट, परत ताणली. मी बघत होते. पाचवी का सहावी लाट असंल, खालच्या ओळीतली एक गाठ सुटली. ते सरसरसर मी ओळखते, आवाज नसला तरी ओळखते. तोंड उघडलं आणि वाळू बाहेर ओतायला लागली. मग शेजारची. मग तिच्या पलीकडची. एका ओळीत, जसा कुणी बोद बघत निघालाय.

ग्लास खाली ठेवला, फेकला न्हाय, नीट खाली ठेवला, ते मला आठवतंय. पाण्यात उतरले. जिथली साखळी उसवलेली न्हवती तिथं निरगाठ मारायला लागले. किती मारल्या, दहा-अकरा असतील. शेपूट धरायचं, एक फेरा, दुसरा फेरा, आवळायचं. बाकीच्या पण आल्या. पण आम्ही एक बांधायचो तोवर तिकडं चार सुटायच्या. मग साहेब ओरडायला लागला, बाळू आण्णानं मला दंडाला धरून वर काढलं. वाळू निघून गेली की रिकाम्या पिशव्या पाण्यावर फडफडायला लागल्या, सगळ्यांची तोंडं उघडी.

दुपारपर्यंत रोपं गेली. वेल गेला, सुरू गेले. केवड्याची दोन राहिली होती, ती दुसऱ्या दिवशी गेली. आणि पाणी देवकीबायच्या मागच्या भिंतीला लागलं.

ती रडली न्हाय. मुलाला म्हणाली, कौलं काढ. मुलगा वर चढला, एकेक कौल काढून खाली द्यायला लागला, आणि आम्ही बायका ओळीत उभ्या राहिलो, ह्या हातातनं त्या हातात, रस्त्यापर्यंत. मी तिच्या शेजारी होते. ती माझ्या हातात द्यायची, मी हौसाक्काच्या हातात.  फुटकं कौल आलं की ती बाजूला टाकायची. आकडा पण ती मोजत होती, ओठांतल्या ओठांत. कौलं झाली, वासे काढले, दारं काढली. सून रस्त्यावर ट्रंकेवर बसलेली, सातवा संपत आलेला. चुलीची भिंत आमच्या डोळ्यांसमोर बसली, पडली असं न्हाय, नुसती खाली बसली, जसं दमलेलं माणूस बसतं.

मग वरचे साहेब आले गाडीतनं. कागद झाले. बाळू आण्णा म्हणाला, कापडच खराब होतं. कापडवाला म्हणाला असणार, शिवण खराब होती. शेवटी कागदावर आलं की उधाणच नेहमीपेक्षा मोठं होतं. आमच्या साहेबानं मला विचारलं, अक्का, हे असं कसं उसवलं. मी म्हटलं, काय की सर. तीन शब्द. हे पण मीच म्हटलं.

आणि निघताना देवकीबाय भेटली, शाळेच्या पडवीत त्यांची सोय केली होती. तिनं मला पुडीतनं सुकी मासळी दिली, घरी न्यायला. मी घेतली. सांगायचं तिथंच होतं. तोंडाशी आलं होतं आणि बस आली.

त्या गावात नंतर दगडच टाकले. आता त्याच्या खालच्या गावाचं जातंय म्हणे.

देवकीबायचा नंबर माझ्याकडं होता. पावसाळा लागला की मी फोन करायची. बरी हाय काय, बरी. सून बरी, नातू बरा. ते आता हायवेला लागून भाड्याच्या खोलीत राहत्यात, ती दुसऱ्याकडची मासळी घेऊन बाजारात बसती. माझं काय, माझं पण बरं. फोन ठेवायचा. तीन वर्षं असं चाललं.

मग आमच्या नदीनं सुरू केलं. पाणी दर दोन-तीन वर्षांनी यायचं ते आता दर साली यायला लागलं, आणि नुसतं येऊन जात न्हाय, जाताना काठ घेऊन जातं. वाळू आम्ही काढून बसलो होतो, खालनं पोकळ, वरनं काठ कोसळतो. विहाराच्या मागचं पिंपळाचं झाड गेलं. मग पहिली दोन घरं काठावर आली, त्यांच्या मागं हातभर जमीन उरली. त्यातलं एक माझं. पंचायतीनं अर्ज केला, कन्नडात केला, परत आला, परत केला, आणि शेवटी मंजूर झालं. काय मंजूर झालं, तर पिशव्या. तसल्याच. पुढं पिशव्या, मागं बांबू आणि वाळा. पंचायतीचे इंजिनिअर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, मालनाक्का, तुम्ही समुद्रावर काम केलेल्या, तुम्हीच बघा हे. दोन पावसाळे धरलं की पुढं मुळं धरतील. तेच शब्द. जणू एकाच पुस्तकातनं शिकून येत्यात सगळे.

मी घरी आले. दुपार होती, सून गिरणीवर गेलेली. खाटेवर बसले आणि देवकीबायला फोन लावला. ती म्हणाली, आज कसा काय, पाऊस तर न्हाय. मी म्हटलं, सांगायचं हाय काहीतरी. आणि सांगितलं. बोद काय असतो ते, व्यापारी कसा हात घालतो ते, साखळी, सुरगाठ, शेपूट. बोटातनं दोरी घसरली ते. हौसाक्कानं विचारलं आणि मी काय म्हटलं ते. साहेबानं विचारलं आणि मी काय म्हटलं ते. सगळं एका दमात.

 तिच्या मागं बाजाराचा आवाज येत होता, कुणीतरी भाव विचारत होतं, तिनं त्याला भाव सांगितला. मग मला म्हणाली, मला दिसली होती ती गाठ. मी म्हटलं, कधी. ती म्हणाली, तवाच. आम्ही जाळं विणणारी माणसं, मालनबाय, गाठ आम्हाला लांबनं दिसती. मी मनात म्हटलं, ही सुटणारी हाय. मग म्हटलं, ही लोकं लांबनं बोलावून आणलीत, त्यांच्याकडची काहीतरी रीत असंल, आपण कशाला मधी बोलायचं.



मग ती म्हणाली, घर राहिलं असतं असं मी म्हणत न्हाय. समुद्र आज ना उद्या आलाच असता. पण दोन पावसाळे मिळाले असते. सुनेचं बाळंतपण घरात झालं असतं. मी म्हटलं, व्हय. ती म्हणाली, नातवाला घर माहीत असतं. मी म्हटलं, व्हय. माफ केलं असं ती म्हणाली न्हाय. मी मागितलं पण न्हाय. मागून काय करायचं, ते काय कौल हाय का, ह्या हातातनं त्या हातात द्यायला.

फोन ठेवंल असं वाटलं. तर म्हणाली, आता कसली मारणार हायस. मी म्हटलं, निरगाठ. ती म्हणाली, निरगाठ नायलॉनला पुरत न्हाय, ओली झाली की सरकती. व्हिडिओ लाव. माझा फोन साधा, मग नातीचा घेतला. देवकीबाय मासळीच्या टोपलीपुढं बसलेली, केस सगळे पांढरे झालेले, बाजूच्या बाईकडनं तिनं दोरी मागून घेतली आणि फोन टोपलीला टेकवून गाठ मारून दाखवली. जाळ्याची गाठ. फासातनं वर काढायची, मागनं फिरवायची, स्वतःच्याच मानेखालनं घ्यायची आणि ओढायची. लाट जेवढी ओढंल तेवढी ती आवळत जाती. मला पहिल्यांदा जमली न्हाय. ती म्हणाली, उलटी फिरवलीस. परत दाखवली. गिऱ्हाईक आलं तर त्याला थांब म्हणाली. पाचव्या वेळेला जमली. म्हणाली, ओढ. ओढली. म्हणाली, जोरानं ओढ. दातानं ओढली, सुटली न्हाय. बरें आसा, म्हणाली, आणि फोन बंद झाला.

ती गाठ मी वस्तीतल्या सगळ्यांना शिकवली. हौसाक्काचे हात आता थरथरत्यात, पण ती पण आली. म्हणाली, म्हातारपणी हात नव्यानं बसवायला लावलास व्हय गं. मी सांगितलं, साखळी कुणी घालायची न्हाय, दर चार बोटांवर एक गाठ, एक सुटली तरी शेजारची सुटता कामा नये, आणि शेपूट दिसलं तर मी विळ्यानं कापणार. गाठ कुणाची हाय म्हणून विचारत्यात, मी सांगते, कारवारकडच्या एका बाईची. हौसाक्काला तेवढं सगळं सांगितलंय. ती ऐकून म्हणाली, मी विचारलं होतं तुला. मी म्हटलं, विचारलं होतंस. झालं.

मागच्या पावसाळ्यात पाणी आलं, पायरीपर्यंत आलं, आठ दिवस राहिलं आणि गेलं. पिशव्या हायत. वाळा गुडघ्याएवढा झालाय, बांबूला कोंब आल्यात. मी रोज सकाळी खाली उतरते आणि एकेक गाठ बघते, दुसरं काय काम हाय मला. आनंद वाटतो का म्हणून विचारू नका. बघते, परत येते, भाकरी करते.

देवकीबायला मी आता पावसाळ्याची वाट न बघता फोन करते. ती विचारती, धरलंय काय. मी सांगते, धरलंय. बरी राहो ती आणि तिचा नातू, जिथं हायत तिथं.

तुम्ही लिहून घेताय ते बरं करताय, पण नुसतं लिहून काय कळणार. चला, खाली उतरू, चप्पल काढा, निसरडं हाय. ही बघा, ही माझ्या हातची. धरा. असं न्हाय, दोन्ही हातांनी. आता ओढा. आणखी ओढा, मी पडू देत न्हाय तुम्हाला. न्हाय ना सुटत?

एक पावसाळा गेला. एक राहिलाय.